शेंदराची सात कलमं

गोमा मुकादम कुणालाही भेटला की रामराम घालायच्या आधी त्याच्या हिरड्या बघायचा. तुम्ही हसून "काय मुकादम, बरं हाय ना?" म्हणायला तोंड उघडलं रे उघडलं, की त्याची मान कोंबडीसारखी एका बाजूला कलायची, बारीक डोळे तुमच्या खालच्या ओठावर येऊन थांबायचे आणि हुकूम सुटायचा, "आ करा."

यात लहानथोर हा भेद नव्हता. शहापुराहून नवा तलाठी आला, तेव्हा सारा गाव त्याच्यापुढे हात जोडून उभा होता आणि मुकादम त्याचा ओठ खाली ओढून आत डोकावत होता. तलाठ्याला वाटलं, या गावची ही स्वागताची रीतच असावी. तो बिचारा निमूट उभा राहिला. "रेघ नाय. बसा," असं म्हणून मुकादमाने त्याला पास केलं, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

ही रेघ म्हणजे काय, ते आता सांगितलंच पाहिजे. शिसं पोटात गेलेल्या माणसाच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ उमटते असं मुकादमाचं म्हणणं होतं. ते त्याला रेल्वेच्या डॉक्टरने सांगितलं होतं. मुकादमाची हयात रेल्वेच्या पुलांना शेंदूर फासण्यात गेली होती. लोखंड गंजू नये म्हणून पुलाला आधी शेंदराचा हात देतात आणि मग वरचा रंग. कसाऱ्याच्या घाटापासून उंबरमाळीपर्यंतच्या सगळ्या पुलांवर हा माणूस दोरखंडाला लोंबकळून वीस वर्षं शेंदूर लावत होता. आपल्याकडे शेंदूर फासला की धोंड्याचा देव होतो. रेल्वेत नुसता पूल होतो, एवढाच काय तो फरक.

"देवाचा शेंदूर आन पुलाचा शेंदूर एकच," मुकादम सांगायचा. "दोनी म्हंजे जालल्यालं शिसं. देवाला काय होत नाय. देव भाकर खात नाय ना."

त्या वीस वर्षांनी त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे उजवं मनगट. ते कायमचं खाली लोंबायचं. नमस्कार करायला हात जोडले की डावा पंजा वर आणि उजवा जमिनीकडे. अनोळखी माणसाला वाटायचं की हा आपल्याला हाकलतो आहे. काम करायचं असलं की तो मनगटाला बांबूची कामटी बांधायचा, म्हणजे पंजा तेवढ्यापुरता उभा राहायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे सात कलमं. कामावर लागलेल्या पहिल्या दिवशी रेल्वेच्या कारकुनाने इंग्रजी छापील कागदावरून मराठी करून ती सगळ्या रंगाऱ्यांना वाचून दाखवली होती. मुकादमाला अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं त्याच्या डोक्यातून पुसलं जात नसे. हात धुतल्याबिगर घास घ्यायचा नाय, हे कलम पहिलं. कोरडा शेंदूर चाळायचा नाय, तेल आदी आन शेंदूर मंग, हे दुसरं. कामाच्या जागी विडी, तंबाखू, भाकर बंद, हे तिसरं. चौथं मिशीचं. मिशीत धूळ बसते, म्हणून मिशी नाय. आमच्या गावात मिशीवाचून फिरणारे पुरुष दोनच, एक भटजी आणि दुसरा मुकादम. भटजीला कुणी काही बोलत नसे, त्यामुळे सगळी थट्टा मुकादमाच्या वाट्याला यायची. पाचवं तोंडाला फडकं बांधायचं आणि सहावं पोटात कळ आली की लपवायची नाय.

सहाव्यापाशी तो थांबायचा. "आन सातवं?" असं विचारलं, की आभाळाकडे बघून म्हणायचा, "सातवं रेल्वेतल्यांसाठीच हाय. तुमाला लागू नाय." सरकारी कागदात एखादं कलम उगाच असतं, तसं ते असेल म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

या माणसाच्या बाकीच्या तऱ्हा सांगत बसलो तर माझं दुकान बंद पडेल. एकच सांगतो. तो आपले कपडे स्वतः धुवायचा, आणि ते घरामागे लपून नव्हे, भर दिवसा, भातसेच्या काठावर, बायकांच्या रांगेत बसून. नुसते आपले नाही, बायकोचं लुगडंसुद्धा. काशीवयनी घाटावर उभी राहून तोंडाला पदर लावायची आणि बाकीच्या बायका पाण्यात पडेपर्यंत हसायच्या. मी एकदा म्हणालो, "मुकादम, पेन्शनीत हा नवा धंदा काढलात काय?" त्यावर तो मला म्हणाला, "वाणीबुवा, तुमी आपली तागडी सांभाला."

हो, मी वाणी. सापगावाच्या अलीकडे आमचं किराणा दुकान. गूळ, मीठ, तेल, घासलेट आणि देवधर्माचं सामान. शेंदराचा डबा हळदीच्या डब्याशेजारी, आणि दोन्हींना मिळून एकच पळी. माझ्या वडलांच्या वेळेपासून ही सोय चालत आली होती. मुकादमाने ती पळी ज्या दिवशी पाहिली, त्या दिवशी दुकानात हलकल्लोळ झाला.

"ह्याच पलीनं हलद देतां?"

"त्यात काय झालं? पुसून घेतो."

"कशानं पुसतां?"

मी माझ्या धोतराकडे पाहिलं. मुकादमाने पळी उचलली, रस्ता ओलांडला आणि ती सरळ उकिरड्यात फेकली. दुसऱ्या दिवशी नारळाच्या करवंटीची नवी पळी करून आणली आणि शेंदराच्या डब्याला दोरीने अशी बांधली की ती हळदीपर्यंत पोचूच नये. मी चार दिवस धुसफुसलो. पण खरं सांगायचं तर मला त्या पळीपेक्षा जास्त राग याचा आला होता, की गिऱ्हाइकांनी हे सगळं पाहिलं. वाण्याची अब्रू पळीत असते.

आता मूळ हकिकतीकडे येतो. दुसरी लढाई सुरू झाली, त्याच्या आदल्या साली चैत्रातल्या जत्रेआधीची ही गोष्ट.

आमच्या गावदेवीचा तांदळा आहे. तांदळा म्हणजे हात-पाय नसलेला, नुसता मुखवट्यासारखा उभा दगड. जत्रेच्या आधी आठ दिवस तिला शेंदराचा नवा लेप चढतो. लेप कालवायचा मान गुरवाच्या घरातल्या सुनेचा. कोरडा शेंदूर फडक्यातून चाळायचा, तिळाच्या तेलात घालायचा आणि परातीत कणीक तिंबावी तसा दोन्ही हातांनी मळायचा. तिळाचं तेल सुकत नाही, त्यामुळे लेप वर्षभर ओला राहतो. येणारा-जाणारा देवीला हात लावतो, बोटाला आलेला शेंदूर कपाळाला लावतो, आणि त्याच बोटांनी खोबऱ्याचा प्रसाद खातो. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं.

महादू गुरवाची सून सुंदरा टोकावड्याची. कामाला वाघीण, बोलायला मुकी. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि दोनदा तिची कूस अर्ध्यावर रिकामी झाली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. गुरवीण, म्हणजे तिची सासू, पाणवठ्यावर उघड म्हणत होती, "ह्या टायमाला नीट झाला तर झाला. नायतर मुरबाडकडची एक पोरगी बघून ठेवलीय आमी." पोराचं दुसरं लग्न लावायचं आणि सुंदराने सवतीची भांडी घासायची, असा सरळ बेत होता. त्यावर सुंदराने काय करावं? देवीला नवस केला. "पोर जगू दे, जत्रेपर्यंत रोज तुझा शेंदूर मी माज्या हातानं मलीन." म्हणजे एरवी वर्षातून एकदा मळायची, ती आता रोज मळायला लागली.

मुकादमाच्या कानावर हे गेलं आणि त्याची झोप उडाली. पहिल्यांदा तो माझ्याकडे आला. "गुरवाला शेंदूर देऊ नका."

"देवीचं सामान नाही म्हणू? लोक दुकान जाळतील माझं."

"मंग तुमी सांगा त्याला. तुमी शिकल्यालं."

मी मराठी सातवी पास होतो, आणि आमच्याकडे तेवढ्यावर माणूस शहाणा ठरायचा. पण शहाणपणाचा पहिला नियम म्हणजे गुरवाच्या वाटेला जाऊ नये. मी म्हणालो, "मुकादम, तुमच्या काय बापाचं जातं? त्यांची सून, त्यांची देवी." तो नुसता शेंदराच्या डब्याकडे बघत उभा राहिला आणि गेला.

मग तो एकटाच गुरवाकडे गेला. तिथे काय झालं ते सगळ्या आळीने ऐकलं. सुंदरा ओसरीवर शेंदूर चाळत बसली होती. शेंदराचा लाल धुरळा उडत होता, आणि शेजारी ताटलीत तिची अर्धी भाकरी. मुकादमाने ओरडून कलम दुसरं आणि तिसरं एका दमात म्हटलं, परातीवर घोंगडी टाकली आणि सुंदराला म्हणाला, "आ कर गो." परपुरुषाने सुनेला आ करायला सांगितलं! गुरवीण घरातून मुसळ घेऊन धावली. मुकादम परसातून पळाला, पण पळता पळता मागे वळून ओरडला, "इख हाय ते, इख!"

देवीच्या शेंदराला विष म्हणाला, एवढं गुरवाला पुरलं. रविवारी सकाळी देवळापुढे गावकी बसली.

पाटील मधोमध पाटावर. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला वडाखाली बायका. त्यांत सुंदरा डोक्यावर पदर ओढून बसली होती, आणि तिच्या मागे काशीवयनी. तोंडी काय ठरलं ते टिपून घ्यायला मला बसवलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की मुकादम देवीपुढे नाक घासेल, नारळ फोडेल आणि दुपारच्या जेवणाआधी प्रकरण मिटेल. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं आणि मी थोडा गमतीतच होतो.

"मुकादम," पाटील म्हणाले, "देवीचा शेंदूर इख हाय असा बोल्लास काय?"

"बोल्लो."

"पुरावा?"

मुकादमाने आपलं लोंबतं मनगट वर धरलं. पंजा खाली पडला. दोघं-चौघं हसले.

महादू गुरव उठला. "पाटील, सात पिढ्या आमी हा शेंदूर कालवतोय. कोन मेला आमच्या घरात?"

"मेला नाय," मुकादम म्हणाला, "पन जल्मला किती? महादू, तुला पोर येकच. तू सोता दत्तक. तुजा बाप दत्तक. तुज्या आज्यालासुदा भावकीतून दत्तक आनला होता. गुरवाच्या घरात कूस फलत नाय आन लोक बोलतात देवीचा कोप!"

मी लिहायचा थांबलो. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, पण कुणी ती अशी जोडून पाहिली नव्हती. महादू खाली बसला. त्याच्या जागी बायकांच्या बाजूने गुरवीण उभी राहिली आणि तिने हात नाचवत ते वाक्य टाकलं, जे आमच्या गावात मुकादमाच्या पाठीमागे तीस वर्षं बोललं जात होतं.

"आमच्या कुशीची मोजनी करतोस? आदी आपल्या घरात बघ रे! तुजी काशी कुठं व्याली? पाच येला भरली आन पाच येला रिती झाली. ती काय शेंदूर मलाय गेली होती?"

काशीवयनी खाली बघत होती. तिला हे ऐकायची सवय होती. सवय झालेल्या माणसाचा चेहरा हलत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मुकादम मात्र हलला. तो पाटलांकडे न बघता वडाकडे वळला.

"सातवं कलम सांगतो," तो म्हणाला. "कामाचा कपडा घरी न्यायाचा नाय. घरच्या बाईनं तो धुवायाचा नाय. कारकुनानं वाचलंन तवा आमी समदे हसलो. मी सगल्यांत मोठ्यानं हसलो. बोल्लो, मंग बायको कशाला केलीय? आन दर आठवड्याला तो लाल सदरा, तो लाल लंगोटा काशीच्या अंगावर टाकला. ती झटकायची, आपटायची. तिच्या नाकात, तोंडात शेंदूर जायाचा. पाच येला. मनगट गेला तवा डाक्तरानं इचारलं, पोरं किती? मी बोल्लो, येक पन नाय. मंग तो बोल्ला, कपड्यावरचा शेंदूर बायकोच्या पोटात गेला, तवा मला कललं. काशीची कूस चांगली होती. तिची पोरं मी मारली."

 मुकादम पुढे बोलत राहिला, आता नुसता बायकोशी.

"तुला सांगायचा धीर झाला नाय, काशे. तू उपास करत बसायचीस आन मी बघत बसायचो. पंदरा वरसं मला ठावं होतं."

मला माझीच लाज वाटली. त्याच्या कपडे धुण्याची मी टिंगल केली, आणि याच हातांनी शेंदराच्या पुड्या बांधून गुरवाकडे पाठवत होतो. दौतीत बोरू बुडवून बसलो, पण लिहिण्यासारखं एकही वाक्य सापडेना.

काशीवयनी उठली. आम्हाला वाटलं, आता रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा निघून जाईल. तिने पुढे वाकून सुंदराचे दोन्ही हात धरले. कोपरापर्यंत लाल होते ते. देवळामागच्या विहिरीवर तिला घेऊन गेली आणि राखेने ते घासायला लागली.  घासण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

पाटील हे मोठे धोरणी गृहस्थ. देवीचं विष कबूल करायचं नाही आणि मुकादमाला खोटंही पाडायचं नाही, असा निकाल त्यांनी दिला. नवस सुंदराचाच राहील, पण यंदा तिच्या नावाने शेंदूर मुकादमाने लावावा. लगेच नवा वाद. रेल्वेचा कुंचला डुकराच्या केसांचा, तो देवीला चालायचा नाही. मग शिंदीच्या झावळीचा कुंचला केला. उजवा हात लोंबतो, आणि डाव्याने देवीला लावायचं नाही. मग मनगटाला कामटी बांधली. मुकादमाने तोंडाला फडकं बांधून, तिळाच्या ऐवजी उकळलेल्या अळशीच्या तेलात शेंदूर काठीने ढवळून देवीला पुलासारखे दोन हात दिले. अळशीचं तेल सुकून कवचासारखं घट्ट झालं. देवी झळाळली, पण कुणाच्या बोटाला काही लागेना. जत्रेत म्हाताऱ्या कुरकुरल्या, "देवीनं हात आखडला यंदा." मुकादम म्हणाला, "दहा वरसं बघाय नको आता." शेवटी पाटलांनी टिळ्याला कुंकवाची वाटी ठेवली आणि देवीचं औदार्य पूर्ववत झालं.

भाद्रपदात सुंदराला मुलगी झाली. पुरती नऊ महिन्यांची, आणि रडणं असं की नदीपलीकडे ऐकू जावं. गुरवीण "पोरगीच झाली" म्हणून चार दिवस तोंड वाकडं करून बसली आणि पाचव्या दिवशी नातीला मांडीवरून खाली ठेवीना. मुरबाडच्या स्थळाचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

पण हे सारं नंतरचं. मला सांगायचं आहे ते गावकीच्या दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी दुकान उघडून केर काढत होतो, तर काशीवयनी पायरीवर उभी. मागे रस्त्यापलीकडे मुकादम, आंब्याच्या झाडाला टेकून, आमच्याकडे पाठ करून. रात्रभरात त्याचं वय वाढल्यासारखं दिसत होतं.

"या वयनी. काय देऊ?"

"काय नको. कागुद हाय काय?"

"कसला कागद?"

ती पायरीवर बसली.  पदराशी चाळा करत म्हणाली, "पाच होती ना. मी त्यांची नावं ठेवली होती. कोनाला सांगितली नाय, त्याला पन नाय. जगलं नाय त्या पोराला कोन नाव ठेवतो? तो हसंल असा वाटायचा. काल सांजला सांगितली."

 मी विचारलं, "मग? काय म्हणाले मुकादम?"

"काय बोलतोय. ऐकून घेतलंन. आन पहाटे उठवून मला इचारतोय, तिसरीचं नाव परत सांग गो, माज्या ध्यानात रायलं नाय." तिने रस्त्यापलीकडे बघितलं. "त्याच्या काय बी ध्यानातून जात नाय कदी. हेच कसा गेला, म्हून सकालपासून कपाल बडवून घेतोय. बोल्ला, वाणीबुवाकडून लिवून आन."

मी पुड्या बांधायचा कागद बाजूला सारला. कपाटातून कोरी वही काढली, तिचं मधलं पान नीट सोडवलं आणि दौत पुढे ओढली.

"सांगा," मी म्हणालो.

तिने एकेक नाव सांगितलं. भागी. राघो. चांगुणा. सोमा.  नारायण. मी लिहीत होतो आणि ती कागदावर वाकून बघत होती.

"एवडा बारीक नको," ती म्हणाली. "त्याला वाचता येत नाय, पन दिसला पायजे. जरा मोठी अक्षरं काढा."